जेवल्यावरची गोळी

माझ्या आईच्या पोटात एक जिवाणू होता. दोनदा औषध देऊनही तो मेला नव्हता, आणि तिसऱ्यांदा औषध घ्यायला आई तयार नव्हती. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं होतं, की पोटातली जखम आत्ता भरत आल्यासारखी दिसते, पण जिवाणू राहिला तर ती पुन्हा उघडेल. पुन्हा रक्त गेलं आणि ते गावात असताना गेलं, तर अकोल्यापर्यंत पोचायला वेळ मिळेलच असं नाही. तेव्हा काय करायचं ते स्पष्ट होतं. फक्त ते आईला पटवायचं होतं, आणि आमच्या घरात आईला काही पटवून देण्याचं काम आजवर कोणी केलेलं नव्हतं.

ते मी केलं. म्हणून लिहिते आहे.

आमचं गाव पातूरकडचं. जमीन थोडी, पण विहिरीला पाणी, म्हणून फुलं आणि भाजी. झेंडू, शेवंती, वांगी, मेथी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. अमरावतीला बी.एस्सी. केलं, तिथेच राहिले, आणि आता राजापेठेत एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. बाबा गावात सांगतात, "माही पोरगी पोट्ट्यायले जंतू शिकवते." ऐकणाऱ्याला वाटतं, जंतूंनाच काही शिकवत असेल. मी दुरुस्त करत नाही. ते ज्या ताठ मानेने सांगतात ती मान मला आवडते.

आईचं पोट दुखणं आम्हाला जुनं होतं. छातीखाली जळजळ, उपाशी असली की जास्त. गावात याला एकच नाव, पित्त. त्यावर थंड दूध, जिऱ्याचं पाणी, मेडिकलमधली गुलाबी गोळी. येणारी-जाणारी प्रत्येक बाई एकच सांगायची, "ठेचा सोड वो, तिखटानं होते." आईने शेवटी ठेचा सोडला. वर्षभर ती भाकरीबरोबर फिकं वरण खात होती आणि समोर बसून बाबा ठेचा खात होते. पोट होतं तसंच राहिलं.

मग दसऱ्याच्या आधीची एक सकाळ. आमच्याकडे तेव्हा झेंडूची तोड असते, घरातल्या कोणालाच मान वर करायला फुरसत नसते. आई ओळीतच खाली बसली आणि ओकली. ओकारी चहाच्या चोथ्यासारखी काळी. बाबा म्हणाले, सकाळचा चहा निघाला. आई म्हणाली, "मी आज चहा घेतलाच नाई." तेव्हा बाबा घाबरले. फुलं अकोल्याच्या बाजारात न्यायला टेम्पो उभाच होता. त्याच टेम्पोत, झेंडूच्या पोत्यांना टेकवून, त्यांनी तिला अकोल्याला नेलं. मी अमरावतीहून पोचले तेव्हा ती खाटेवर होती, हाताला सलाईन, आणि केसांत पाकळ्या.

दुर्बिणीने तपासलं. जठराच्या खालच्या तोंडाशी जखम निघाली. तिथलाच बारीकसा तुकडा काढून तपासला, तेव्हा हा जिवाणू सापडला. हेलिकोबॅक्टर पायलोरी. मी मुलांना सांगते, की जठरातलं आम्ल बहुतेक जंतू मारतं. हा गडी त्या आम्लातच घर करून राहतो, स्वतःभोवतीचं आम्ल मारून टाकायची सोय करतो आणि अस्तराला चिकटून बसतो. कित्येकांच्या पोटात असतो आणि त्यांना पत्ताही लागत नाही. काहींना तो जखम करतो. डॉक्टर म्हणाले, "तिखटाचा यात काही दोष नाही, काकू."

आई उशीवरून म्हणाली, "मंग माहा वर्षाचा ठेचा वायाच गेला म्हणा की जी."

डॉक्टर हसले. तरुण होते, चांगले होते, पण बाहेर एवढी गर्दी, की एका पेशंटशी बोलताना दुसऱ्याच्या फायलीवर सही करायचे. औषध समजावून सांगितलं. एक गोळी आम्ल कमी करायची, ती सकाळ-संध्याकाळ रिकाम्या पोटी. बाकीच्या जिवाणू मारायच्या, त्या दोन्ही वेळा जेवल्यावर. दोन आठवडे, खंड पडू द्यायचा नाही. मी सगळं आईला पुन्हा सांगितलं. तिने मान डोलावली. आईला लिहिता येत नाही, पण एकदा सांगितलेलं ती विसरत नाही. हे मी भरवशाने सांगते, आणि पुढे जे झालं ते ती विसरल्यामुळे झालं नाही.

औषध संपलं. मध्ये महिनाभर जाऊ दिला, आणि शौचाची तपासणी केली. जिवाणू होताच.

औषध बदलून दुसऱ्यांदा दिलं. मी रोज संध्याकाळी राजापेठेतून फोन करायची. खाली गाड्यांचे हॉर्न, कानात आईचा आवाज.

"गोळी घेतली का, माय?"

"घेतली."

"सगळ्या?"

"जेव्हाच्या तेव्हा. तू काय मास्तरीण हाय का मोठी?"

"हायच."

पुन्हा महिना, पुन्हा तपासणी. जिवाणू होताच.

डॉक्टरांनी विचारलं, "काकू, गोळ्या चुकवल्या तर नाही ना?" आईने पिशवीतून रिकाम्या पट्ट्या काढून टेबलावर मांडल्या. एकही गोळी शिल्लक नव्हती. "टाकली नाई जी एकबी," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा झाला, जसा बाजारात कोणी तिच्या फुलांना शिळी म्हटलं की होतो. डॉक्टरांनी पट्ट्या पाहिल्या आणि माझ्याकडे वळले. काही जिवाणूंना औषधाची सवय होते म्हणाले. आता तिसरं औषध जरा जड, दिवसातून चारदा, तोंडाची चव जाईल, मळमळेल. अंगात रक्त कमी झालं होतं, त्यासाठी आधी लोहाच्या गोळ्या दिल्या. थोडी ताकद आली की सुरू करू.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "मी नाई घेत आता. दोन खेपा घेतलं. त्याले मरायचं नसंल तर राहू दे पोटात. किती खाते तो?"

"तो खात नाही, माय. तुलेच खाऊन राहिला."

"तुले सगळंच मालूम."

मी तिला गावी जाऊ दिलं नाही. अमरावतीला घेऊन आले. माझ्या भाड्याच्या दोन खोल्या आहेत, एका टेलरच्या दुकानावर. वाटलं होतं, आठ दिवस आराम करेल, रोज थोडं थोडं बोलत राहीन, ऐकेल. ती आली आणि पहिल्याच दिवशी माझे डबे घासायला काढले.

सोमवारी सकाळी मला उशिराचा क्लास होता, म्हणून घरीच होते. आईने साबुदाण्याची उसळ केली. मला ताटलीत दिली, स्वतः वाटीत घेतली, दाण्याचं कूट वरून टाकलं, खाल्ली. मी लोहाची गोळी आणि पाण्याचा पेला तिच्यासमोर ठेवला. तिने गोळी उचलली आणि परत डबीत टाकली.

"काहून वो? घे ना."

"आज सोमवार हाय."

"मंग?"

"मंग काय मंग? डाक्टरनं जेवल्यावर सांगतली. मी काय जेवली का? जेवण संध्याकाळी."

मी तिच्या वाटीकडे पाहिलं. वाटी चाटूनपुसून साफ होती. "हे काय खाल्लं तू आत्ता?"

"फराळ." तिने हे अशा आवाजात सांगितलं, जसं मी वर्गात एखाद्या ढ मुलाला सांगते. "फराळाले कोनी जेवण म्हनते का?"

मी खाली बसले. माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. आईचा सोमवार असतो. आईचा गुरुवार असतो. आईची संकष्टी असते. मी हळूच विचारलं, "त्या जंतूच्या गोळ्या? त्याही उपासाच्या दिवशी सकाळी घेत नव्हती?"

"कशी घेईन? जेवल्यावरच्या होत्या त्या."

"आणि रिकाम्या पोटीची?"

"ते घेत होती. उपासाले तर पोट रिकामंच राह्यते."

"पण पट्ट्या तर संपल्या होत्या!"

"राहिलेल्या मागून घेतल्या. एवढी महागाची दवा, फेकून देऊ का?"

म्हणजे खंड पडला होता, दर आठवड्याला, ठरल्या वारी. एक दिवस पुरतं औषध, पुढच्या सकाळी नाही, परत पुरतं, परत नाही. जिवाणूला श्वास घ्यायला एवढी उसंत पुष्कळ झाली. आणि शेवटी आम्ल कमी करणारी गोळी संपून गेलेली, उरलेल्या गोळ्या एकट्याच लढत होत्या. औषधाची सवय जिवाणूला लागते, हे डॉक्टर म्हणाले ते खरंच होतं. ती कशी लागली, ते आता माझ्यासमोर उसळीची वाटी धूत उभं होतं. डॉक्टरांनी सांगितलेला शब्द आईने अक्षरशः पाळला होता. आमच्या घरात तिच्याएवढं काटेकोर औषध कोणीच घेतलं नसेल.

पुस्तकातून मला हे सापडलं नसतं, पण एक सांगते, त्या दिवशी मी त्या घरात नसते तर हे कोणालाच सापडलं नसतं. डॉक्टरांना "फराळ म्हणजे जेवण नव्हे" हे माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्याही घरी कोणी तरी उपास करतच असेल. पण दवाखान्यात कोणी कोणाला वार विचारत नाही.

मला वाटलं, काम झालं. मी म्हटलं, "दोन आठवडे उपास बंद. गोळ्या संपल्या की पुन्हा सुरू कर."

आईने वाटी पालथी घातली. "सोमवार मोडत नसते."

"देव रागावते का?"

"देवाचं नको सांगू मले. सोमवार तुह्यासाठी हाय."

हे मला माहीत होतं. मी दहावीत गेले तेव्हापासून तिने सोमवार धरला होता. मी शिकावं म्हणून. आणि खरं सांगायचं तर ही गोष्ट मला नेहमीच थोडी टोचायची. मी कंदिलावर नाही, पण चांगल्या उजेडातही नाही, अशा घरात अभ्यास केला. एस.टी.त उभी राहून पाठांतर केलं. माझे मार्क माझे होते. म्हणून मी म्हटलं, "माय, मी पास झाली ती अभ्यास करून झाली. तुह्या उपासानं नाही."

"मी कुठी म्हनते? अभ्यास तूच केला." ती ओट्याला टेकून उभी राहिली. "पन मी काय करू मंग? तू तठी बसून वाचत राहे, मले त्यातलं एक अक्षर कळे नाई. मले अभ्यास येत नवता. मले उपास येत होता, तो केला."

खालून टेलरच्या मशीनचा आवाज येत होता. मी उठून क्लासला गेले. त्या दिवशी पचनसंस्थाच शिकवायची होती. फळ्यावर जठर काढलं, बाण काढले, आणि मुलं वहीत उतरवून घेत असताना माझ्या मनात तोडगा तयार झाला.

आमच्याकडे एक पद्धत आहे. बाई आजारी असली, तिला उपास झेपणार नसला, तर घरातलं दुसरं कोणी तिच्यावतीने धरतं. त्याने व्रताला खाडा पडला असं धरत नाहीत. आईने स्वतः माझ्या आजीची चतुर्थी कितीदा तरी अशी केली होती. मी घरी येऊन चप्पल काढायच्या आधीच बोलले.

"गोळ्या संपेपर्यंत सोमवार मी करते. माह्यासाठी हाय ना? मग मीच करते. तू त्या दिवशी सकाळी भाकर खायची आणि गोळी घ्यायची."

"तू?" आई हसली. "तुले दहा वाजले की चक्कर येते."

"येऊ दे."

"आनं गुरुवार?"

गुरुवार बाबांसाठी होता. ते एकदा स्कूटरवरून पडून पाय मोडून बसले होते, तेव्हापासूनचा. मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सगळं सांगितलं. पलीकडे विहिरीवरची मोटर चालू होती.

"बाबा?"

"ऐकून राहिलो. मले भगर चालंल का?"

"चालंल."

"आनं दाणे? आनं केळं? आनं चहा तर चालतेच."

आई फोनकडे तोंड करून म्हणाली, "अवो, उपास हाय का पंगत?"

"तुह्यासाठी उपाशी राहून राहिलो, आनं तू हिशोब इचारते!"

संकष्टी कॅलेंडरात पाहून घेतली. ती झाली, की दुसऱ्या दिवशी औषध सुरू करायचं, म्हणजे मध्ये येणारच नाही. आईला घेऊन अकोल्याला गेले आणि हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याशी बोलताना दुसरी फाईल ओढली नाही. "तुम्ही काय करता?" त्यांनी विचारलं. बायोलॉजी शिकवते म्हटलं. "बरोबर," म्हणाले. मला ते "बरोबर" आवडलं, आणि ते आवडलं हे सांगण्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

मग आईकडे वळून त्यांनी सगळ्या गोळ्या एकेक करून सांगितल्या, आणि शेवटी, "पोटात काही गेलं की जेवण समजायचं, काकू. उसळ, केळं, काहीही." या औषधाने जीभ आणि शौच काळं होईल, घाबरायचं नाही, हेही सांगितलं. ते सांगितलं हे फार बरं झालं. एकदा काळं पाहून टेम्पोत पडलेली बाई दुसऱ्यांदा काळं पाहून शांत राहणार नव्हती.

पहिला सोमवार. मी आईसाठी ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी समोर ठेवली. स्वतः पाण्याचा पेला घेऊन बसले. तिने घास मोडला आणि हातातच धरून ठेवला.

"काय झालं?"

"तू उपाशी, आनं मी गिळू?"

"दहावीपासून बी.एस्सी.पर्यंत मी हेच केलं. तू उपाशी, मी जेवत होते. मला काही झालं नाही. खा."

मग तिने घास तोंडात टाकला आणि मान खाली घालून सगळी भाकर संपवली. गोळ्या घेतल्या. एकेक, तोंड वाकडं करत.

औषध खरंच जड होतं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून ती म्हणायला लागली, की तोंडात खिळा ठेवल्यासारखं लागते. आरशात जीभ पाहून म्हणाली, "म्हशीसारखी झाली." एके दुपारी तिने सगळ्या पट्ट्या उशीखाली दडवल्या आणि सांगितलं, की संपलं माझं. मी वाद घातला नाही. बाबांना फोन लावून दिला. तो गुरुवार होता. बाबांनी साबुदाणा भिजवलाच नव्हता, तसाच कढईत टाकला होता.

"गोट्या झाल्या," ते सांगत होते. "दाताले लागत नाई, दात त्याले लागून राहिले."

आई उठून बसली. "रातीच भिजवाचा असते तो! आता मंग काय खाल्लं?"

"काही नाई. पानी पेलो."

"भगर होती ना डब्यात!"

"ते कशी करतेत?"

आईने त्यांना फोनवर भगर शिकवली. पाणी किती, जिरं कधी, झाकण केव्हा. त्यात मळमळ विसरली. फोन ठेवला, उशीखालून पट्टी काढली आणि म्हणाली, "तो मानूस माह्यापायी उपाशी मरून राहिला. दे पानी."

दुसऱ्या सोमवारी एका विद्यार्थिनीचा वाढदिवस होता. तिने सगळ्या वर्गासमोर पेढा पुढे केला. मी नको म्हटलं. "मॅडम, उपास?" मागच्या बाकावरून एक पोट्टा खिदळला, "मॅडम तर म्हणतात, सगळं सायन्सनं सांगा." मी म्हटलं, "हे पण सायन्सच आहे. माझ्या आईचं औषध चालू आहे." वर्गाला काही कळलं नाही. मी समजावलंही नाही. पेढा कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला आणि संध्याकाळी आईला दिला. तिने अर्धा मोडून मला दिला, "उपास सोड आता, अंधार पडला."

औषध पूर्ण झालं. मग महिनाभर वाट पाहणं, आणि शेवटी पुन्हा ती तपासणी. आई तेव्हा गावी परत गेली होती. सकाळचा नमुना डबीत घेऊन अकोल्याला यायचं, याची तिला भारी लाज. तिने ती डबी एकात एक अशा तीन पिशव्यांत बांधली आणि शेवंतीच्या टोपल्यात खाली ठेवली. एस.टी.त शेजारची बाई म्हणाली, "किती छान वास येऊन राहिला." आईने हे मला लॅबच्या दारात सांगितलं आणि आम्ही दोघी भिंतीला धरून हसलो.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. आईला घेऊन मी तो डॉक्टरांकडे नेला; त्यांनी वाचायच्या आधी मी वाचलेला होता. जिवाणू नव्हता. डॉक्टर आईला म्हणाले, "काकू, गेला." आईने विचारलं, "ठेचा?" ते म्हणाले, "हळूहळू." आई हळूहळूपर्यंत थांबली नाही. त्याच रात्री गावी बाबांच्या ताटातला उचलून खाल्ला.

गुरुवार तिने लगेच परत घेतला. बाबांना तो जास्त दिवस दिला असता, तर घरातले दाणे संपले असते. सोमवार मात्र मी दिला नाही. ती दोन-तीनदा म्हणाली, "झालं ना आता, दे माहा सोमवार." मी म्हटलं, तू सोमवारी सकाळी भाकर खाऊन कामाला जायची, एवढंच मला हवं आहे. मी देवाला काही मागत नाही. पण आमच्या घरात एकाने दुसऱ्यासाठी काही करायची रीत हीच आहे, आणि मला ती आता करता येते.

आता दर सोमवारी सकाळी, मी क्लासला निघते तेव्हा, तिचा फोन येतो. मागून बाबांचा आवाज, कोणाला तरी झेंडूची पोती नीट बांधायला सांगणारा.

"फराळ केला का?"

"केला. तू जेवली का?"

"भाकर खाल्ली. ठेचा बी."

"पोट?"

"गुपचूप हाय," ती म्हणते. मग आवाज जरा मोठा होतो, "आनं तू उसळीत मीठ सैंधव टाकलं ना? का साधंच टाकून मोकळी झाली, मास्तरीण?"